बारा बावीसचा मुहूर्त

तुमची नोकरी शाबूत आहे पण काम नाही, यंत्रांवर ताडपत्री टाकली आहे, पगार अर्धा झाला आहे. आणि तरीही रोज ठरल्या वेळी, पदरमोड करून, कारखान्याच्या दारात जाऊन ‘मी आलोय’ एवढंच सांगायचं आणि परत यायचं, असं तुम्हाला कुणी बजावलं, तर खरं सांगा, किती दिवस जाल? पहिला आठवडा चिडून जाल, दुसरा कंटाळून. तिसऱ्या आठवड्यात बायको म्हणेल, आज राहू द्या की. कंपनी नेमकी त्याच दिवसाची वाट बघत असते. माझे बाबा आणि त्यांच्याबरोबरचे एक्केचाळीस जण एकही दिवस चुकले नाहीत, आणि त्या दिवसांत मी जितकी हसले तितकी पुन्हा कधी हसले नाही. मंदीबद्दल लिहिताना कामगाराच्या मुलीनं गळा काढावा अशी लोकांची अपेक्षा असते, हे मला ठाऊक आहे. पण मला आठवतंय ते असं आहे, त्याला मी काय करू?

आम्ही कामोठ्यात तिसऱ्या मजल्यावर राहायचो. एक खोली, एक स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घालण्यापुरती बाल्कनी. बाबांचा कारखाना तळोज्याला होता. तिथं परदेशी फ्रिजच्या दारांना लागणाऱ्या बिजागऱ्या बनत. बाबा प्रेसवर होते, म्हणजे पोलादी पट्टी दाबून तिला आकार देणाऱ्या यंत्रावर, आणि कामगारांच्या युनियनचे सेक्रेटरीही होते. या दुसऱ्या कामाला पगार नव्हता, पण घरातली निम्मी जागा त्यानंच अडवली होती. पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे, फळीवर पत्रकांचे गठ्ठे. उरलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली आणि आईनं डब्यांच्या फळ्या सजवल्या. आई पहिली ते चौथीची शिकवणी घ्यायची. तिची पोरं शुद्धलेखनही त्यावरच काढत. मला वाचता येऊ लागलं तेही पत्रकांवरूनच. ‘अ’ अननसाचा असतो हे मला शाळेत गेल्यावर कळलं. तोवर तो अन्यायाचा होता.

याचा परिणाम माझ्या लिहिण्यावर झाला. चौथीत ‘माझी आई’ हा निबंध मी ‘आईच्या श्रमाला दाम मिळालाच पाहिजे!’ असा संपवला. मैत्रिणीच्या वाढदिवसाचं आमंत्रण लिहिलं, त्यात ‘केक कापण्याचा निर्धार’ होता. बाईंनी बाबांना शाळेत बोलावून सांगितलं, “मुलगी हुशार आहे, पण प्रत्येक वाक्याला हात वर करून लिहिते.” बाबा घरी येईपर्यंत हसत होते. खरं सांगायचं तर आजही मी लिहायला बसले की मूठ आपोआप वळते. लाज वाटत नाही त्याची.

मी दहावीत होते तेव्हा अमेरिकेत लोकांनी फ्रिज घेणं थांबवलं. एवढंच मला तेव्हा समजलं होतं. कुठल्याशा बँका बुडाल्या, तिथल्या बायकांनी जुन्याच फ्रिजवर भागवायचं ठरवलं, आणि तळोज्यात बिजागऱ्यांच्या पेट्या छतापर्यंत साचल्या. मग नोटीस लागली: ले-ऑफ. याचा अर्थ बाबांनी आईला आणि मला भाकरीच्या ताटावर समजावला. नोकरीवरून काढलेलं नाही, पण काम नसल्यामुळे घरी बसायचं, आणि पगार अर्धा. मात्र हा अर्धा पगार हवा असेल, तर दिवसातून एकदा, कंपनी सांगेल त्या वेळी, गेटवर जाऊन हजेरी द्यायची. कंपनीनं नोटिशीत स्वतःची पुस्ती जोडली होती. जो एक दिवस गैरहजर राहील तो दुसरीकडे कामाला लागला असं धरून त्याचं नाव पटावरून कमी केलं जाईल. आणि त्याच दिवसापासून कामगारांची बसही बंद.

“म्हणजे आपण थकून घरी बसायची वाट बघणार ते,” आई म्हणाली.

“बसू की,” बाबा म्हणाले. “पण रोज आठला हजेरी लावून, मग बसू.”

बसची सोय हरेशनं केली. हरेश पळस्प्याजवळच्या गावचा, प्रेसवरचा सगळ्यात तरुण कामगार. त्याच्या घरी आधी भातशेती आणि मिठागर होतं, आता टेम्पो होता. त्या टेम्पोत सकाळी भाजी यायची आणि नंतर कामगार जायचे. बाबा अंगाला मेथीचा वास घेऊन सकाळी दहाच्या आतच घरी परतत. मी शनिवारी-रविवारी हट्टानं बरोबर जायची. रविवार कारखान्याला सुट्टीचा, पण ले-ऑफला सुट्टी नसते असा साहेबांचा शोध होता. बेचाळीस माणसं धुतलेले, इस्त्री केलेले गणवेश घालून बंद कारखान्यासमोर ओळीनं उभी राहत. टाईम ऑफिसचे पाटणकर हजेरीपट घेऊन गेटच्या आतल्या टेबलाशी बसत आणि टोकन नंबरानं एकेक नाव पुकारून सही घेत. पाटणकर नियमाचे इतके पक्के, की पेनची शाई संपली तरी स्टोअरला चिठ्ठी लिहीत, आणि ती चिठ्ठी लिहायला कुणाचं तरी पेन मागत. पहिल्या दिवशी सगळे मान खाली घालून ‘हजर’ म्हणाले. तिसऱ्या दिवशी कुणीतरी तुतारीसारखा आवाज काढला. दुसऱ्या आठवड्यात पैजा लागू लागल्या. एक जण ‘उपस्थित!’ म्हणाला, एकानं कव्वालीच्या सुरात तान घेतली, एक नुसताच कोंबड्यासारखा आरवला. पाटणकर चष्मा वर करून म्हणाले, “आरवणं ही हजेरी धरता येत नाही. पुन्हा सांगा.” हजेरी पाच मिनिटांत आटपे, पण माणसं तासभर हलत नसत. हरेशच्या आईनं दिलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची, म्हणजे बारीक कोळंबीची, चटणी टेम्पोच्या टपावर मांडली जाई, आणि मोहरीच्या फोडणीसारखं तडतडत हसू चाले. बाबा घरी आले की आईच्या शिकवणीत बसत. आठवड्याभरात इमारतीतली पोरं पाढेही मोर्चात म्हटल्यासारखे म्हणू लागली. “बे दुणे?” “चार!” “जोरात बोला!” “चार!” खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन विचारून गेले, की संप मिटला का?

अशात हरेशचं लग्न ठरलं. मुलगी जासईची, प्राजक्ता. ती तिथल्या कंटेनर यार्डात गेटवर नोंदी करायची. तिच्या वडिलांचे, काशिनाथशेठचे, तीन ट्रेलर त्या यार्डात चालत. हरेश पत्रिकेचा मजकूर घेऊन आमच्याकडे आला नाही, मजकूर मागायला आला.

“पोरी, तूच लिव. तुज्या हाताला जोर हाय. बाकीच्यांच्या पत्रिका कुनी वाचत नाय, नुसत्या देवासमोर ठेवतान.”

मी रात्रीचं जेवणही न जेवता लिहून काढलं. त्यातली काही वाक्यं मला अजून पाठ आहेत, आणि कुणाच्याही लग्नात ती आठवली की मला मंडपाबाहेर जाऊन हसावं लागतं. ‘कामगार बंधू-भगिनींनो! अखेर तो दिवस उजाडला आहे! चि. हरेश आणि चि. सौ. कां. प्राजक्ता यांनी आयुष्यभराच्या एकजुटीचा निर्णय घेतला आहे! आता माघार नाही! या ऐतिहासिक क्षणी हजारोंच्या संख्येने सहकुटुंब सामील व्हा! स्थळ जासई, वेळ दुपारी ठीक बारा वाजून बावीस मिनिटे.’ छापखानेवाला युनियनचा जुना माणूस. त्यानं सवयीनं पिवळा कागद घेतला आणि ‘माघार नाही’ लाल शाईत काढलं. हरेश खूष. त्याची आई खूष. काशिनाथशेठनं मात्र फोन केला, “जावयबापू, ही लग्नाची पत्रिका हाय का गाव बंदची?” मागून प्राजक्ताचं हसणं ऐकू येत होतं, असं हरेश सांगत होता.

चूक पुढं झाली. हरेश रीतीचा माणूस. त्यानं एक पत्रिका, अक्षता आणि सुपारीसकट, कंपनीतल्या एचआरच्या साहेबांना नेऊन दिली. साहेब नवे होते, मुंबईहून आलेले. त्यांनी ती चार वेळा वाचली, असं पाटणकरांनी नंतर सांगितलं. पिवळा कागद, लाल शाई, कामगार बंधू-भगिनी, हजारोंची संख्या, माघार नाही. त्यांच्या लेखी लग्न हे नुसतं नाव होतं. त्यांनी पोलीस चौकीला पत्र दिलं आणि फलकावर नोटीस लावली: त्या दिवशीची गेटवरची हजेरी सकाळी आठऐवजी दुपारी ठीक बारा वाजता होईल. कामगार बाराला गेटवर बांधून ठेवले की जासईचा मोर्चा आपोआप फसेल, असा त्यांचा हिशोब.

मला ते शाळेतून आल्यावर कळलं. बाबा जमिनीवर बसले होते आणि हरेश दाराला टेकून उभा होता. तळोज्याहून जासई रिकाम्या रस्त्यानंही तासाभराचं. बाराला गेटवर उभा असलेला माणूस बारा बावीसला बोहल्यावर उभा राहू शकत नव्हता. बाबांनी साहेबांना अर्ज दिला होता, फक्त या एका दिवसासाठी आठची वेळ ठेवा म्हणून. उत्तर आलं होतं, वेळ ठरवण्याचा अधिकार व्यवस्थापनाचा आहे. बाबांनी लग्नाचंच निमंत्रण आहे हेही सांगून पाहिलं, तर साहेब म्हणाले, “मला वाचता येतं.”

“माझ्यामुळे झालं,” मी म्हणाले. उद्गारचिन्हांनी कुणाचं नाव पटावरून जाऊ शकतं, हे मला कुठल्याच पत्रकात कुणी सांगितलं नव्हतं.

“हरेश, तू लग्न कर,” बाबा म्हणाले. “तुझ्या नावासाठी नंतर भांडू.”

“आनी तुमी?”

“आम्ही गेटवर.”

“तुमी येक बी नाय, आनी मी बोहल्यावं? असला लगीन नको माला, दादा.” बाबांना सगळे दादाच म्हणत. “आनी माजा नाव गेला त प्राजक्ताच्या बापाला काय सांगू? पोरगी दिली ती नोकरीवाल्याला.”

तेवढ्यात बाबांचा मोबाइल वाजला. प्राजक्ता होती. हरेशनं तिला दुपारीच सगळं कळवलं होतं, आणि तिनं रडण्याऐवजी डोकं चालवलं होतं. बाबांनी फोन स्पीकरवर टाकला.

“काका, तुमच्या गेटासमोरचा रस्ता किती रुंद हाय?”

“कशाला, बाय?”

“चाळीस फुटी ट्रेलर आडवा राहील का, एवडाच सांगा. मुहूर्ताची वेळ बदलत नाय, हजेरीची बी बदलत नाय. मग जागाच बदलू. ट्रेलरवं मांडव बांदू. लगीन तितं, जेवान इतं जासईला.”

मग आई, जी आतापर्यंत शिकवणीच्या वह्या तपासत होती, ती मान वर न करता म्हणाली, “हिला युनियनमध्ये घ्या.”

काशिनाथशेठ ऐकेनात, असं आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. हजार माणसं जेवायला सांगितलेली, पाहुणे काय म्हणतील, पोरीचं लग्न काय कारखान्याच्या दारात, भिकाऱ्यासारखं? प्राजक्ता वाद घालत बसली नाही. तिनं एवढंच विचारलं, की यार्ड होताना आपली जमीन गेली तेव्हा नोकरीसाठी तुम्ही किती दिवस ऑफिसच्या दारात उभे होता, बाबा? शेठ उठून अंगणात गेले म्हणे. मग ड्रायव्हरला हाक मारून म्हणाले, “ट्रेलर धुवाला काढ. आनी फुला मोप आन, जवल्याचा वास येतोय त्याला.” जवळा कधी त्या ट्रेलरवर गेला नव्हता, शेठ रागावले की त्यांना सगळीकडे जवळ्याचा वास यायचा.

त्या दिवशी कारखान्यासमोर जे झालं ते मी कितीही सांगितलं तरी पुरत नाही. साडेदहालाच पोलिसांची गाडी आली होती. गेटवरच्या ऑफिसच्या खिडकीत साहेब उभे होते, आणि मोर्चा कुठून येईल याचा अंदाज घेत होते. पावणेबाराला रस्त्याच्या टोकाला बॅन्ड वाजला. पुढं ब्रास बॅन्ड, मागं झेंडूच्या माळा लावलेला, पिवळ्या-लाल कापडाचा मांडव उभारलेला चाळीस फुटी ट्रेलर, त्यावर नऊवारीतल्या बायका, भटजी, पाट, अंतरपाट, सनईची कॅसेट, आणि सगळ्याच्या मधोमध लाकडी खुर्चीला घट्ट धरून बसलेली प्राजक्ता. त्यामागं टेम्पो, मोटारसायकली, दोन मिनीबस. आमचे बेचाळीस जण गणवेशातच होते, पण प्रत्येकाच्या डोक्यावर फेटा. इन्स्पेक्टर पुढं आले. हातात माझी पत्रिका.

“मोर्चा कोणाचा आहे?”

“नवऱ्या मुलाचा,” हरेशची आई म्हणाली, आणि त्यांच्या हातावर पेढा ठेवला.

इन्स्पेक्टरनी पत्रिका पुन्हा वाचली, ट्रेलरकडे पाहिलं, वर खिडकीकडे पाहिलं, आणि शिपायाला सांगितलं, “ट्रॅफिक वळवा. मुहूर्त बारा बावीसचा आहे.”

ठीक बाराला पाटणकर टेबलाशी बसले. त्यांनी नेहमीसारखी पहिल्या टोकनपासून नावं घेतली, आणि नेहमीसारखे लोक फेटा सावरत आत जाऊन सही करून आले. कुणी आरवलं नाही. पण हरेशचा टोकन नंबर सगळ्यांत शेवटचा, आणि एकतिसाव्या नावाशी मंगलाष्टका सुरू झाल्या. ‘कुर्यात सदा मंगलम्’च्या मागोमाग गेटमधून ‘टोकन दोनशे चौदा!’ आणि ‘हजर!’ पुन्हा मंगलाष्टका, पुन्हा टोकन. माणसं हसून वाकडी होत होती आणि अक्षता भलत्याच वेळी टाकत होती. अखेर हरेशचं नाव आलं तेव्हा तो अंतरपाटाच्या अलीकडे हार धरून उभा होता, आणि भटजी त्याला पाटावरून हलू देईनात.

“पाटावरून उतरला तर मुहूर्त मोडला,” भटजी म्हणाले.

“सही रजिस्टरातच हवी,” खिडकीतून साहेबांचा आवाज आला. “आणि ती गेटवर. मस्टर गेटबाहेर जाणार नाही.”

पाटणकर उठले. आयुष्यभर नियमानं जगलेल्या त्या माणसानं खिशातून घडी केलेली नोटीस काढून तिथंच वाचली. ‘गेटवर’ म्हणजे गेटच्या आत की बाहेर हे तिच्यात लिहिलेलं नव्हतं. त्यांनी ती पुन्हा घडी घालून खिशात ठेवली, हजेरीपट काखेला मारला, आणि दोन जणांनी दिलेल्या हातांवर पाय ठेवून ट्रेलरवर चढले. गेटच्या खांबापासून ट्रेलर हातभरही लांब नव्हता, ही प्राजक्ताची मोजणी.

“टोकन दोनशे सव्वीस!”

“हजर!” हरेश ओरडला. हार गळ्यात अडकवून त्यानं सही केली.

“मी बी हजर हाय!” अंतरपाटापलीकडून प्राजक्ता म्हणाली.

भटजींनी घड्याळ पाहिलं. “आता म्हणू का सावधान?”

“म्हणा,” पाटणकर म्हणाले, आणि हजेरीपटावर पडलेल्या अक्षता झटकू लागले.

मग बॅन्ड, मग नाच. ट्रेलरवर, रस्त्यावर, पोलिसांच्या गाडीच्या बॉनेटभोवती. मी बाबांना पहिल्यांदा नाचताना पाहिलं, आणि पुन्हा पाहायची इच्छा होऊ नये इतके ते वाईट नाचत होते. नाचण्यात सगळ्यांच्या पुढं पॅकिंगच्या बायका होत्या. डोंगराकडच्या वाड्यांतून येणाऱ्या अकरा जणी. बिजागऱ्या कागदात गुंडाळून पेट्यांत भरायचं काम त्या ठेकेदारामार्फत करत. ले-ऑफच्या पहिल्याच दिवशी ठेकेदाराच्या माणसानं त्यांना ‘उद्यापासून येऊ नका’ असं सांगितलं, आणि तेवढ्यावर काम संपलं. ना नोटीस, ना हजेरी, ना अर्धा पगार. हरेशनं त्यांनाही पत्रिका दिली होती. त्यांच्यातली शेवंताबाई, जिला आख्खा कारखाना ओळखायचा, ती नाचता नाचता पाटणकरांसमोर आली. ते ट्रेलरवरून उतरायला पाय शोधत होते.

“सायेब, समद्यांची नावं घेतली. आमची?”

ती हसतच म्हणाली होती. म्हणून आम्हीही हसलो. पाटणकर हसले नाहीत. “बाई, माझ्या पटावर तुमची नावं नाहीत,” ते म्हणाले.

“मंग कुनाच्या पटाव हायेत?”

बाबांचा नाच थांबला. पाटणकरांनी खिशातून पेन आणि एक कोरा कागद काढला, मला दिला, आणि म्हणाले, “पोरी, तुझा हात चालतो. घे लिहून.” मी कागद ट्रेलरच्या कडेवर ठेवला आणि लिहिलं, ‘शेवंता’. ती माझ्या खांद्यावरून पाहत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण गेटपासावरचं ते नाव तिला नजरेनं ओळखता येत होतं.

“शेवंता नगं लिवू, बाय. शेवंता माज्या आदी होती. तिच्या गेटपासावर मी आले, तवापासून समदे मला तिचंच नाव घेऊन बोलवत्यात. मी सुमन हाय. सुमन लहू वाघमारे.”

तीन वर्षं मी त्या बायकांनी गुंडाळलेल्या बिजागऱ्यांच्या गोष्टी बाबांकडून ऐकल्या होत्या. बाबांच्या प्रत्येक पत्रकाची आणि माझ्या पत्रिकेचीही सुरुवात ‘बंधू-भगिनींनो’ने झाली होती. त्यातल्या एकाही भगिनीचं नाव मला ठाऊक नव्हतं, आणि जे ठाऊक होतं ते दुसरीचं होतं. मी अकरा नावं लिहिली. आडनावांसकट, हळूहळू, एकही उद्गारचिन्ह न देता. मग आम्ही सगळे जासईला गेलो, आणि त्या अकरा जणी आमच्याच पंक्तीत बसल्या. काशिनाथशेठ स्वतः वाढायला आले आणि ‘अजून घ्या, लाजू नका’ म्हणत त्यांनी प्रत्येकीच्या पानात मटणाचा रस्सा ओतला. सुमनबाईंनी हरेशला असा काही उखाणा घ्यायला लावला, की तो मी इथं लिहू शकत नाही.

पावसाळा संपता संपता कारखाना सुरू झाला. प्रेसच्या खात्यातली एक पाळी कायमची बंद पडली आणि काही जणांना जावं लागलं, पण पटावर अखंड हजेरी असल्यामुळे त्यांना कंपनी रिकाम्या हातानं हाकलू शकली नाही. बाबा राहिले, हरेश राहिला. अकरा जणींपैकी एकही परत आली नाही. बाबांनी तो कागद घेऊन तीन ऑफिसांच्या पायऱ्या झिजवल्या. प्रत्येक ठिकाणी त्यांना एकच विचारलं गेलं, की ह्या तिथं होत्या याला पुरावा काय?

तुम्ही हे वाचताय तिथं, तुमच्या इमारतीत, ऑफिसात, दवाखान्यात, मुलांच्या शाळेत, रोज येऊन काम करून जाणारं आणि कुठल्याच पटावर नसलेलं एक तरी माणूस असणार. उद्या त्याला किंवा तिला थांबवून पूर्ण नाव विचारा. गेटपासावरचं नको, खरं. ते कागदावर लिहा, खाली तारीख टाका, आपली सही करा, त्याची एक प्रत त्या माणसाच्या हातात द्या, आणि दुसरी घेऊन तिथल्या साहेबाला विचारा, की हे नाव तुमच्या कुठल्या रजिस्टरात आहे. उत्तर मिळेपर्यंत रोज विचारा.